रिकामं भांडं परत करायचं नसतं

भांडं फुटलं तेव्हा ऑर्विल टॉलेफसन बायकोला मदत करत होता. एरवी तो मदत करत नसे आणि भांडीही फुटत नसत.

"काय पडलं रे?" आर्डिसने बाहेरून विचारलं.

"काही नाही."

"काही न पडल्याचा एवढा आवाज?"

ती आत आली आणि दारातच थबकली. सिंकमध्ये निळ्या फुलांच्या काचेच्या भांड्याचे तुकडे पडले होते, आणि ऑर्विल साबणाचे हात वर करून उभा होता, पोलिसांनी पकडल्यासारखा.

"अरे देवा! लव्हॉनचं भांडं!"

ऑर्विलच्या हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा आर्डिस हॉस्पिटलमधून अर्धमेली होऊन घरी यायची. समोरच्या घरातली लव्हॉन तिच्या दाराशी हे भांडं ठेवून जायची. आत खिमा, घेवडा, वर कुरकुरीत बटाटे, म्हणजे आमची हॉटडिश, आणि तिच्यावर फॉइलचा कागद घट्ट बसवलेला. "ऑर्विलला डॉक्टरांनी वाचवलं, मला लव्हॉनने," असं आर्डिस चर्चमध्ये सगळ्यांना सांगायची, आणि सांगताना दर वेळी तिचे डोळे भरून यायचे. आता ते भांडं परत द्यायचं होतं. भरून द्यायचं होतं, हे सांगायलाच नको. आमच्या मिनेसोटातल्या एल्म लेक गावात आलेलं भांडं रिकामं परत करणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

"सांगून टाक की तिला," ऑर्विल म्हणाला.

"काय सांगू? तू मला जेवू घातलंस, म्हणून माझ्या नवऱ्याने तुझं भांडं फोडलं? महिनाअखेरीला ती ॲरिझोनाला चाललीये लेकीकडे, कायमची. जाता जाता हा आहेर करू तिला?"

"तसलंच दुसरं आणू मग."

"कुठून? दुकान बंद होऊन जमाना झाला."

एके काळी गावातल्या एकुलत्या एका दुकानात हेच भांडं मिळायचं, त्यामुळे प्रत्येक नवरीला आहेरात हेच. कुठलं कुणाचं हे कळावं म्हणून बुडाला नावाची चिकटपट्टी लावायची आणि ती धुण्यात निघून जायची. आर्डिसचंही एक होतं, चांगलं झाकणासकट. ते कधीतरी कुणाच्या तरी दुःखाच्या घरी भरून गेलं आणि तिकडचंच झालं. दुःखाच्या घरी भांडं मागायला जात नाहीत, मग जन्म गेला तरी बेहत्तर. तेव्हापासून ती बापडी पत्र्याच्या ताटात हॉटडिश नेत होती.

शेवटी ऑर्विलने फोनवर लिलावाची साइट उघडली. तिथे निळ्या फुलांची भांडी ढिगाने होती. "बघ!" तो म्हणाला. "उगीच रडत होतीस."

पहिलं भांडं आलं ते खुळखुळ्यासारखं वाजत आलं. पाठवणारीने ते वर्तमानपत्राच्या एका पानात गुंडाळलं होतं. ऑर्विलने कळवलं तर तिचं उत्तर आलं, 'माझ्याकडून निघालं तेव्हा धडधाकट होतं.'

"आता साइटवर हिला पाचपैकी किती चांदण्या द्यायच्या?" ऑर्विलने विचारलं.

"पाच दे."

"अगं, फुटकं आलंय!"

"असू दे रे. पाठवायची तसदी तरी घेतली ना बिचारीने? पण दोन शब्द मात्र खरे लिही. लिही, 'ठीक होतं. याहून वाईट असू शकलं असतं.'"

मिनेसोटात याहून जहाल शिवी नाही. पण विकणारी होती कुठली तरी परमुलखातली, तिने हसऱ्या चेहऱ्यासकट आभार मानले.

दुसरं भांडं अखंड आलं. फक्त ते तळहाताएवढं होतं. फोटोत कशाशी तुलना करायला काही नव्हतंच, तर कळणार कसं? पोस्टाचा खर्च भांड्याच्या किमतीहून जास्त.

"यात हॉटडिश केली तर मांजर जेवेल," आर्डिस म्हणाली. "तेही उपाशी उठेल."

मग ऑर्विलच्या डोक्यात आलं की हे आपणच विकून टाकावं. तो सरळ माणूस. त्याने लिहिलं, 'भांडं लहान आहे. आम्हाला काही उपयोग नाही. तुम्हालाही होईल असं वाटत नाही.' तरीसुद्धा कुणीतरी घेतलं. आठवड्याच्या आत तक्रार आली की भांडं फारच लहान आहे, पैसे परत करा. साइटने पैसे परत केले, आपलं कमिशन कापलं ते कापलंच, आणि ऑर्विलला मिळाली एक चांदणी.

"मी लिहिलं होतं की लहान आहे म्हणून!" ऑर्विल लालबुंद झाला.

"वाचतंय कोण? आणि तू चिडू नकोस, टाके उसवतील."

महिना संपत आला. समोर लव्हॉनच्या ओसरीवर खोकी रचली जाऊ लागली, आणि आर्डिस खिडकीचा पडदा लावून बसू लागली. अशात तिसरं भांडं दिसलं. तोच आकार, तीच फुलं, आणि वर झाकण! पण लिलाव संपायचा होता रविवारी सकाळी, ऐन उपासनेच्या वेळी.

आमच्या चर्चमध्ये बाकं मागून भरत येतात आणि पुढची रिकामी राहतात. शेवटच्या बाकावर एका टोकाला टॉलेफसन नवरा-बायको, दुसऱ्या टोकाला लव्हॉन. पास्टर म्हणाले, "आपण माना लववू या," आणि आर्डिसने मांडीवरच्या फोनवर मान लववली.

"वाढव," ऑर्विल पुटपुटला.

तिने बोली वाढवली. लगेच फोन गुरगुरला. कुणीतरी जास्त बोली लावली होती. तिने आणखी वाढवली. पुन्हा गुरगुर.

"कोण आहे ही चांडाळीण?"

"हळू! प्रार्थना चाललीये."

"मी प्रार्थनाच करतेय रे."

आर्डिसने डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. पलीकडे लव्हॉनही मान पार छातीवर टेकवून बसली होती, ओठ घट्ट मिटलेले. गाव सोडून चाललीये, किती मनापासून मागतेय देवाजवळ, असं वाटून आर्डिसला स्वतःचीच लाज वाटली. तरीही तिने शेवटची बोली लावलीच. इतकी, की ऑर्विलने छातीवर हात ठेवला.

पास्टर म्हणाले, "आमेन."

फोन गुरगुरला. शेवटच्या क्षणी कुणीतरी भांडं उचललं होतं. बाकाच्या त्या टोकाहून लव्हॉन जरा जास्तच मोठ्याने म्हणाली, "आमेन!"

लव्हॉन निघायच्या आदल्या दिवशी आर्डिसने पत्र्याच्या ताटात चॉकलेटच्या वड्या घेतल्या, नवऱ्याला घेतलं आणि समोर गेली. घरात खोकीच खोकी.

"कॉफी घ्या," लव्हॉन म्हणाली.

"नको गं, आम्ही चाललोच."

"घोटभर?"

"नको, तुझी कामं पडलीयेत."

"अगं, केलेलीच आहे."

"बरं, अगदी थोडी."

तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय आमच्याकडे कॉफीही घेत नाहीत, मग कबुली कुठून देणार? पहिला घोट पोटात गेल्यावर आर्डिसने एका दमात सांगून टाकलं. "लव्हॉन, तुझं भांडं फुटलं. याने फोडलं. सगळीकडे शोधलं गं, मिळालं नाही. तुझे उपकार आणि आमची ही तऱ्हा. मला तोंड दाखवायला जागा नाही."

लव्हॉन एका खोक्यावर बसली.

"ते माझं नव्हतंच," ती म्हणाली. "तुझं होतं."

"काय?"

"माझा नवरा व्हर्नन गेला तेव्हा तू भरून आणलं होतंस. घरभर भांडी झाली होती. बाकी सगळ्यांवर नावं होती, हेच एक बिननावाचं राहिलं. पुढे बघते तर पत्र्याच्या ताटात हॉटडिश आणणारी गावात तू एकटीच. तेव्हा कळलं. पण तोवर माझ्या हातून झाकण फुटलं होतं गं! बिनझाकणाचं कुठल्या तोंडाने देऊ? मग ऑर्विल आजारी पडला. म्हटलं, भरून तरी पोचवू, झाकण मिळालं की खरं सांगू."

तिने बाजूचं खोकं उघडलं. आत निळ्या फुलांचं भांडं, वर झाकण, दोन्ही अखंड.

"हे तुझ्यासाठी. कालच आलं. आणि विचारू नकोस, कुणा वेडीने भाव कुठल्या कुठे नेला! तेही रविवारी, प्रार्थनेच्या वेळी! देवाची भीती म्हणून राहिली नाही लोकांना."

ऑर्विल एकदम खोकायला लागला.

"लव्हॉन," आर्डिस म्हणाली, "ती वेडी मीच."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग हसायला लागल्या, आणि हसता हसता कधी रडायला लागल्या ते त्यांनाही कळलं नाही. ऑर्विलने मधल्या मधे तीन वड्या संपवल्या.

"त्या विकणाऱ्याची मात्र चांदी झाली," तो म्हणाला.

"कसली चांदी! तोही कुरकुरतोय," लव्हॉन डोळे पुसत म्हणाली. "पोस्टाला जास्त लागले म्हणे."

दुसऱ्या दिवशी सकाळी लव्हॉनची लेक गाडी सुरू करून बसली होती. आर्डिस रस्ता ओलांडून आली. हातांत ओव्हनचे जाड हातमोजे, हातमोज्यांत निळ्या फुलांचं भांडं, झाकणाखाली वाफाळती हॉटडिश. बुडाला ऑर्विलने नावाच्या चांगल्या तीन पट्ट्या डकवल्या होत्या.

"हे काय गं? हे तुझं आहे ना?" लव्हॉन म्हणाली.

"माझंच आहे. म्हणून तर देतेय. घेऊन जा."

"अगं, पण मी परत कसं करणार? ॲरिझोना म्हणजे काय इथे आहे?"

"आणून दे. पोस्टाने पाठवू नकोस, फुटतं. स्वतः ये." आर्डिसने भांडं तिच्या मांडीवर ठेवलं आणि खाली टॉवेल सारखा केला. "आणि लव्हॉन, रिकामं आणायचं नाही."

लव्हॉनने झाकणावर हात ठेवला. चटका बसला असणार, पण तिने तो काढला नाही.

"ऑगस्टमध्ये येते," ती म्हणाली. "इथला मका निघाला की."