ओरखड्याचा नियम

“एदिलच्या गाडीला जो कोणी ओरखडा पाडील, तो कार्मेनमातेच्या मिरवणुकीत पायी चालेल!” हा नियम ओतिलियाने जेवता जेवता, अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केला होता. बोलताना नजर सुनेवर होती. यादिरा तळलेलं केळं चावत राहिली.

मुलगा एदिल मागच्या सीटवर गिऱ्हाईक बसवून भाडी मारायचा. त्याची काळी मोटरसायकल घरात नातवासारखी लाडात वाढत होती. गाडी आली त्याच आठवड्यात त्याने पुढच्या मडगार्डवर, गाडीवाल्यांना सांभाळणाऱ्या कार्मेनमातेचं चित्र चिकटवलं होतं. ईस्टरच्या सुमारास यादिराने उजव्या बाजूला आणखी एक लावलं. “सून सुधारली हो,” ओतिलिया शेजारणीला म्हणाली होती.

आता मिरवणूक उद्यावर आली होती. सिनू नदीकाठचे सगळे मोटरसायकलवाले गाड्या सजवून पाद्रीबाबांकडून त्यांच्यावर पवित्र पाणी शिंपडून घेणार होते, आणि यंदा पहिला मान एदिलचा. मातेची मूर्ती मांडीवर घेऊन त्याच्या मागे कोण बसणार, हे विचारायची घरात कोणाची छाती नव्हती.

आणि त्याच दुपारी ओतिलियाच्या हातून गाडी भिंतीला घासली.

झालं असं, की एदिल जेवून दोरीच्या झोळीत घोरत पडला होता आणि गाडी उन्हात तापत होती. ती आंब्याखाली घ्यावी म्हणून ओतिलिया उठली. सुनेला हाक मारता आली असती, पण सुनेचा हात गाडीला लागू नये म्हणूनच तर नियम केला होता! तिने गाडी ढकलली, हँडल वळलं, गाडी कलली आणि डाव्या बाजूचं काळं प्लास्टिक सिमेंटच्या खरबरीत भिंतीवरून, खोबरं किसणीवरून जावं तसं गेलं.

ओतिलियाने आधी झोळीकडे पाहिलं. घोरणं चालू होतं. मग प्लास्टिककडे पाहिलं. वीतभर पांढुरका ओरखडा! या वयात, या गुडघ्यांनी, सगळ्या गावासमोर पायी?

कुंपणावरून शेजारीण नेल्फीचं डोकं वर आलं. “काय गं, भर उन्हात गाडीला मिठी मारून उभी आहेस?”

“तोंड मिट आणि इकडे ये.”

नेल्फीने वाकून ओरखडा पाहिला. “टूथपेस्ट चोळ. आमचे हे तसंच करायचे.”

“तुझ्या नवऱ्याने कधी दात घासले नाहीत, तो गाडी काय घासणार!” असं म्हणत ओतिलियाने टूथपेस्ट चोळली. पेस्ट प्लास्टिकच्या बारीक दाण्यांत जाऊन बसली ती निघेना. ओरखडा वीतभर होता, पांढरा पट्टा हातभर झाला.

मग बूटपॉलिश. पांढरं झाकलं गेलं, पण तेवढाच तुकडा असा चमकायला लागला, की बाकीची गाडी भंगारातून आणल्यासारखी दिसू लागली. म्हणून सगळी डावी बाजू काळी केली. हाताचं पॉलिश सीटला लागलं. सीट पुसायला घेतलेला पदराएवढा टॉवेल पाहुण्यांसाठी ठेवलेला निघाला.

“गरम हवा दे,” नेल्फी म्हणाली. “प्लास्टिकचा मूळ रंग वर येतो. गॅरेजवाले तेच करतात.”

ओतिलियाने सुनेच्या खोलीतून केस वाळवायचा ड्रायर आणला, खिडकीतून वायर बाहेर ओढली आणि एकाच जागी धरून ठेवला. पॉलिशचे ओघळ आले. पाठोपाठ प्लास्टिकचा काठ भाजलेल्या पापडासारखा वर वळला. नेल्फीला अचानक चुलीवरचा भात आठवला आणि ती पळाली.

तेवढ्यात घोरणं थांबलं. ओतिलियाने ड्रायर पाठीमागे लपवला. एदिल कूस बदलून पुन्हा घोरू लागला.

“सासूबाई, माझा ड्रायर?” मागे यादिरा उभी होती.

“हात ओले होते. वाळवत होते.”

“गाडीवर?”

ओतिलिया ड्रायरची वायर गुंडाळू लागली. यादिरा आत गेली आणि कार्मेनमातेचं एक मोठं चित्र घेऊन आली. ओघळ पुसून तिने ते नेमकं ओरखड्यावर बसवलं, वळलेला काठही त्याच्याखाली दाबला.

ओतिलियाने उजव्या बाजूच्या चित्राकडे पाहिलं. मग सुनेकडे. “ते तिकडचं... ईस्टरचं?”

“फाटकाला घासली होती,” यादिरा हळूच म्हणाली. “तेव्हा दुकानातून दोन आणली होती. म्हटलं, लागेल कोणाला तरी.”

सकाळी एदिल डावी बाजू बघून हरखला. “आई, इकडेही माता!”

“तुझ्या जिवासाठी रे. चल, उशीर होतोय,” म्हणत ओतिलिया मूर्ती मांडीवर घेऊन मागे बसली.

चर्चसमोर पाद्रीबाबांनी हात सैल सोडून पाणी शिंपडलं. फुलं भिजली, मूर्ती भिजली, ओतिलियाही भिजली. आणि पुढच्या मडगार्डवरचं जुनं चित्र भिजून सुटलं. खाली लांबलचक ओरखडा होता.

“आई, ते... पहिल्याच आठवड्यात एक डुक्कर आडवं आलं...”

ओतिलियाने त्याच्या खांद्यावरून वाकून ओरखडा पाहिला. मग म्हणाली, “उतर.”

“अगं, सगळं गाव बघतंय!”

“बघू दे. मी बोलले ते बोलले. उतर आणि ढकल.” आणि मूर्ती कवटाळून ती स्वतःही खाली उतरली.

“तू कशाला?”

“तोंड मिट.”

गर्दीतून यादिरा न बोलावता आली आणि दुसऱ्या बाजूने गाडी ढकलू लागली.

“बघा!” पाद्रीबाबा भोंग्यावरून गहिवरले. “मातेसमोर हे कुटुंब गाडीवर बसतसुद्धा नाही! याला म्हणतात भक्ती!”

मागचा मोटरसायकलवाला ओशाळून उतरला. त्याच्या मागचाही. चौक येईपर्यंत सगळी मिरवणूक गाड्या ढकलत, घाम पुसत चालली होती. ओतिलियाने वळून पाहिलं. कोणाच्या टाकीवर, कोणाच्या मडगार्डवर, कोणाच्या दोन्ही बाजूंना कार्मेनमाता होती. चित्र नाही अशी एकही गाडी नव्हती.

तिने मूर्ती सावरली, मान ताठ केली आणि सुनेला म्हणाली,

“बघितलंस? अख्ख्या गावाने माझा नियम पाळला.”