ऑर्लिनने घर बुजवलं

"या थंडीत भिंतीतून वारा आला ना, ऑर्लिन, तर मी एप्रिलपर्यंत अ‍ॅरिझोनाला, बहिणीकडे," असं आर्डिसने ऑगस्टमध्येच जाहीर केलं आणि बॅगही काढून ठेवली. ऑर्लिनने लगेच सीलंटच्या, म्हणजे फटीत भरायच्या चिकट लांबीच्या, नळ्या आणून ठेवल्या. चाळीस वर्षांत तो बायकोशिवाय एकच आठवडा राहिला होता, तोही नुसत्या उकडलेल्या अंड्यांवर.

पण भिंतीच्या लाकडी फळ्यांच्या फटी बुजवायलाही मुहूर्त लागतो. मिनेसोटाच्या दमट उन्हाळ्यात लाकूड फुगून फटी मिटतात, पावसात सीलंट चिकटत नाही, थंडीत ते नळीतच गोठतं. राहता राहिले मधले कोरडे दिवस. ते उजाडले ऑक्टोबरात, आणि मग गडी जो पिसाटला! खिडक्यांच्या कडा झाल्या, कोपरे झाले, मग त्याने प्रत्येक फळीची खालची कड धरली.

शेजारचा गेलन कुंपणाशी येऊन उभा राहिला. खालची कड मोकळी सोडायची, आत शिरलेलं पाणी तिथूनच निघतं, हे मिनेसोटात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण 'तू चुकतोयस' असं तोंडावर म्हणणं त्या गावात खुनाहून वाईट.

"काही लोक खालची फट सोडतात म्हणे," गेलन म्हणाला.

"काही लोक आळशी असतात."

"तेही खरंच," म्हणून गेलन घरी गेला.

ऑर्लिनला हुरूप आला. त्याने स्वयंपाकघराचा झरोका बुजवला, न्हाणीघराचा बुजवला, शेवटी पुढचं दारही बुजवून टाकलं.

बुधवारी चर्चच्या बारा बायका आणि पाद्रीबाबा कॉफीला आले, मागच्या दाराने. भिंतींना घाम फुटला. भिंतीवरचा कागद सुटून पाद्रीबाबांच्या खांद्यावर शालीसारखा पडला. त्यांनी तो तसाच राहू दिला.

"ऊबदार आहे हं घर," ते म्हणाले. बायकांनी माना डोलावल्या आणि चष्मे पुसले.

"झालं ना मनासारखं?" सगळे गेल्यावर ऑर्लिनने विचारलं.

"छान झालंय," घरात कोंडलेली वाफ गिळत आर्डिस म्हणाली.

रविवारी ऑर्लिनचं डोकं दुखायला लागलं. आर्डिस एकटीच चर्चला निघाली. गाडीचा आवाज विरल्यावर हा खिशातला चाकू घेऊन बाहेर पडला आणि सीलंट कापू लागला. तर कोपऱ्यापलीकडूनही करकर ऐकू आली. त्याने डोकावून पाहिलं. चर्चला जायचा कोट घातलेली आर्डिस गुडघ्यांवर बसून पावाच्या सुरीने खालच्या कडा कापत होती.

"तू चर्चला गेली होतीस ना?"

"तुझं डोकं दुखत होतं ना?"

आर्डिसने सुरी खाली ठेवली.

"गाडी वळणावर ठेवून परत आले. गुदमरते रे मी. पण तुझी मेहनत बघून बोलवेना."

"मी रोज गॅरेजमध्ये जाऊन श्वास घेऊन येतो."

तेवढ्यात मागच्या भिंतीकडून करकर आली. तिथे गळ्यात टाय बांधलेला गेलन ओणवा होता. तो कानापर्यंत लाल झाला.

"ही बाजू मी सोमवारपासूनच करतोय," तो म्हणाला. "म्हटलं, उगाच कशाला बोलून दाखवा."

ऑर्लिनने भीत भीत बायकोकडे पाहिलं. "मग... अ‍ॅरिझोना?"

"बहिणीकडे बारा महिने खिडक्या बंद, आत गार हवेचं यंत्र. नको बाई! थंडीला स्वेटर घालता येतो, हवा कुठून आणू? शिडी लाव, न्हाणीघराचा झरोका मीच फोडते."

ऑर्लिनने धावत जाऊन शिडी लावली. झरोका दुसऱ्या भिंतीला आहे, हे गेलनच्या लगेच लक्षात आलं. पण बिचारा काही बोलला नाही. त्याने मुकाट्याने शिडी धरली.