वाढत्या अंगाचा बोर्ड

“कॉम्प्युटर असो की कोट, मापाची वस्तू आणायला मापातलं कळणारा माणूस लागतो,” असं म्हणून मास्तरांनी टेप गळ्यात अडकवली आणि चपला पायात सरकवल्या.

मास्तर म्हणजे शिंपीमास्तर. पुढच्या खोलीत दुकान आणि मागच्या खोलीत संसार. त्यांच्या लेकीला गेम खेळायला कॉम्प्युटर हवा होता, आणि तोही तयार नाही, एकेक भाग निवडून स्वतःच्या हातांनी जोडलेला. ‘हे मात्र बापावर गेलं,’ म्हणून मास्तर खूश होते. बाकीचे भाग येऊन पडले होते. राहिला होता मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात ती पाटी, आणि तिच्यात खोचायच्या मेमरीच्या पट्ट्या. रविवारी कॉलेजच्या संघाचा त्याच गेमचा सामना, लेक संघाची कप्तान, आणि आज नेमकी तिची परीक्षा.

“बाबा, बोर्ड लहान मापाचा आणा. हे सगळं ज्यात बसवायचं तो आपला डबा लहान आहे. आणि पट्ट्या बुटक्या, नाहीतर आतल्या पंख्याला लागतील. लक्षात राहील ना?”

“मला माप शिकवतेस?” मास्तर म्हणाले.

त्यांनी शिवलेला कपडा आजवर ‘बसत नाही’ म्हणून परत आलेला नव्हता, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं, कारण मास्तरच ते साऱ्या गल्लीला सांगत. त्यामागची युक्ती साधी होती. मास्तर पोरांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवत. त्यांच्या गणवेशात पोर पहिलीत शिरायचं ते चौथीत बाहेर पडायचं. खुद्द लेकीचं सगळं बालपण बाह्या दुमडण्यात गेलं होतं.

कॉम्प्युटरच्या दुकानात दुकानदाराने विचारलं, “बोर्ड कुठल्या मापाचा देऊ?”

झालं! ‘माप’ हा शब्द कानावर पडला आणि लेकीने सांगितलेलं सगळं मास्तरांच्या डोक्यातून पार उडालं. त्यांनी काचेवर मांडलेल्या बोर्डांना टेप लावली.

“हा आखूड आहे. हा जरा बरा. त्याहून मोठा दाखवा.”

“मास्तर, डबा केवढा आहे तुमचा? मोठा बोर्ड मावायचा नाही.”

“आज नाही तर उद्या मावेल. वस्तू कशी, वाढत्या अंगाची घ्यावी.”

“बोर्ड वाढत नाही हो!”

“पहिल्या दिवशी सगळे असंच म्हणतात,” मास्तर म्हणाले. मेमरीच्या पट्ट्याही त्यांनी उंच निवडल्या. त्यांना वरून पत्र्याचं जाड कवच होतं, आणि चांगलं अस्तर दिसलं की मास्तरांचा हात आपोआप तिकडे जाई.

“नाही बसलं तर परत आणा, बदलून देतो,” दुकानदार म्हणाला.

“माझ्या मापात परत यायची भानगड नसते,” मास्तर चार गिऱ्हाइकांच्या देखत म्हणाले आणि पिशवी उचलून ऐटीत निघाले.

संध्याकाळी लेकीने खोकं उघडलं आणि ती नुसती बघत राहिली. बोर्ड डब्यावर ठेवला तर चारही बाजूंनी बाहेर आला. उंच पट्ट्या पंख्याला आडव्या आल्या, म्हणून तिने पंखा दोन बोटं वर सरकवला.

“बाबा, उद्या सकाळी जाऊन बदलून आणू या ना.”

“माप चुकलं, असं मी तिथे जाऊन सांगू?”

“चुकलंय तर सांगायला काय होतं?” मास्तरीणबाई आतून म्हणाल्या. “दुनियेची मापं काढत फिरता, एकदा स्वतःचं काढा.”

हे मास्तरांना चांगलंच झोंबलं. त्यांनी डबाच बाद करून टाकला. एक लाकडी फळी आणली, कापडं बेतायच्या टेबलावर ठेवली आणि लेकीला सगळे भाग उघड्यावरच जोडायला लावले. बटण दाबलं. दिवे लागले, पंखा फिरला. “बघ!” असं मास्तर म्हणतात न म्हणतात तोच कर्रर्र आवाज झाला. शिंप्याचंच दुकान ते, टेबलावरचं दोऱ्याचं टोक पंख्याने ओढून घेतलं होतं. कापडाची बारीक रोवं तर सगळ्या बोर्डावर बसली होती.

लेकीने तारा ओढून काढल्या. ती चिडली असती तर मास्तरांना चाललं असतं. ती चिडली नाही. दोरा सोडवता सोडवता तिचे डोळे भरून आले. “माझा कॉम्प्युटर तयार असेल असं सगळ्यांना सांगितलंय मी, बाबा. रविवारी मी नसले तर संघ बाद होईल.”

 सकाळ होताच मास्तरांनी बोर्ड खोक्यात भरला आणि म्हणाले, “चल. मी सांगतो त्याला, माप चुकलं म्हणून.” उभ्या जन्मात एवढं अवघड वाक्य त्यांनी उच्चारलं नव्हतं. वाटेत दोनदा पुटपुटून त्याचा सरावही केला. पण दुकानाला कुलूप होतं. शनिवारची सुट्टी!

मास्तर कुलपाकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी गळ्यातली टेप काढली. “बोर्ड बदलून मिळत नाही ना? मग डबा शिवतो.”

“डबा कोण शिवतं, बाबा?”

“आजवर कुणी शिवला नाही म्हणून काय झालं?”

घरी येऊन त्यांनी लेकीला बोर्डावरची रोवं झाडून सगळं पुन्हा फळीवर जोडायला बसवलं आणि फळीवरच्या कॉम्प्युटरची मापं घेतली, उंची, रुंदी, पंख्याचा घेर, तारांना बाह्या. पहिला अंगरखा त्यांनी ठेवणीतल्या कोटाच्या कापडाचा शिवला. तो इतका झोकदार बसला की मास्तरीणबाईंनीही मान डोलावली. पण थोड्याच वेळात कॉम्प्युटर तापला आणि फट्‌कन बंद पडला.

“त्याला उकडतंय, बाबा!”

“मग आधी सांगायचं नाही का, उन्हाळी हवा म्हणून?”

मास्तरांनी कोट उसवला. खेळाडूंच्या कपड्यांना लावायची बारीक जाळी काढली, चारही बाजूंना ती लावली, आत काड्या घालून कापड भागांपासून दूर उभं केलं. कडेला निळी पट्टी आणि छातीवर, म्हणजे जी छाती मानायची तिच्यावर, संघाचं नाव दोऱ्याने भरलं. या वेळी पंखा फिरत राहिला, हवा खेळत राहिली आणि रोवं बाहेर राहिली. लेक संध्याकाळभर खेळून बघत होती. मास्तर अधूनमधून येऊन, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा, जाळीवर हात ठेवून जात होते.

रविवारी संघातली पोरं आपापली यंत्रं घेऊन दुकानातच जमली. सगळ्यांचे काचेचे डबे एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं असे. मधोमध लेकीचा अंगरखा घातलेला गडी. मास्तरांना वाटलं, आता पोरं हसणार आणि लेकीला खाली बघावं लागणार. ते मशीनवर वाकून नसलेली शिवण घालू लागले.

“ए, हे कुठून घेतलंस?” एकाने विचारलं.

“घेतलं नाही,” लेक मान ताठ करून म्हणाली. “माझ्या बाबांनी शिवलंय. जगात एकच पीस आहे.”

मास्तरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्या दिवशी संघ जिंकला, पण कितीने ते मास्तरांना आजही सांगता येत नाही. त्यांना फक्त ते वाक्य पाठ आहे, आणि आता गल्लीलाही आहे.

बातमी कॉम्प्युटरच्या दुकानापर्यंत गेली. दुकानदार स्वतः आला, दुकानाच्या काचेत मांडायच्या कॉम्प्युटरला तसाच अंगरखा शिवून घेऊन गेला. “अगदी मापाचा हवा,” असं त्याने बजावून सांगितलं होतं. महिनाभराने तोच अंगरखा काखेत मारून तो दारात उभा.

“मास्तर, जरा आखूड पडतोय.”

मशीन थांबलं. मास्तरीणबाई आतून बाहेर आल्या. लेकीने हळूच म्हटलं, “बाबा, तुमचा कपडा परत आला!”

“आखूड कसा पडेल?” मास्तरांनी विचारलं.

दुकानदाराने मान खाजवली. “त्यात आता मोठा बोर्ड घातलाय मी.”

 मास्तरांनी अंगरखा उलटा केला आणि खालची शिवण उसवली. आत सगळीकडून चार-चार बोटं कापड नीट दुमडून ठेवलेलं होतं. ते त्यांनी सावकाश बाहेर काढलं, तळहाताने सारखं केलं आणि लेकीकडे बघून म्हणाले, “परत नाही आला गं. गडी अंगाने भरलाय.”