उकिडवेपंतांनी महायंत्रास आज्ञा केली त्याची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. या हो सज्जन, चिपळ्या बाजूस ठेवा, असे जवळ सरका. हकीकत अशी सांगतो की हसू आवरणार नाही. शके एकोणीसशे वीस, बहुधान्यनाम संवत्सर, ज्येष्ठमासी एका थोर राज्यात परीक्षाखाते होते, आणि त्या खात्यात मेनफ्रेम नामे महायंत्र गारेगार दालनात विराजमान होते. तेथे दामोदरपंत उकिडवे म्हणून कागदकोठीवरील कारकून, कीर्तनाचे बहुत वेडे, नित्य टाळकऱ्यांत उभे राहणारे, त्यांस यंत्रविद्येची हौस जाहली. मग खात्याचे सरदार रणनवरेसाहेब बोलिले, "शिका. पण दहावीचे निकाल गावोगावचे छापून दाखवा. चुकलात तर पुन्हा कोठीत, आणि यंत्राचं नाव काढायचं नाही." पंतांचा जीव त्या यंत्रात गुंतला होता, त्यांनी मान डोलविली आणि यंत्राच्या जाणत्या पोंक्षेबाई, त्यांचे पायाशी विद्येस बसले.

बाई म्हणाल्या, "पंत, आज्ञा एकाखाली एक लिहून ठेवायच्या, यंत्र त्या ओळीनं पाळतं. याला शेल स्क्रिप्ट म्हणतात. तेच काम परत परत हवं, तर लूप."

पंत हर्षित होऊन बोलिले, "म्हणजे बाई, ध्रुपदच की! बुवांनी चरण म्हणावा, आणि आम्ही मागून ध्रुपद धरावं."

"अगदी तसंच."

मग पंतांनी मोठ्या प्रेमे स्क्रिप्ट रचिली. पहिले गाव घे, निकाल छाप, मग पुढचे गाव घे आणि परत छाप, ऐसे हवे होते. परंतु 'पुढचे गाव घे' ही ओळ भक्तीच्या भरात राहूनच गेली. आणि सरदारांसमक्ष कळ दाबिली, आणि छापयंत्र गर्जू लागले. पहिले गाव अडुळगाव, तेथे परीक्षार्थी एकच, बापू डोईफोडे, नापास. मग पुन्हा डोईफोडे नापास, मग पुन्हा नापास, आणि कागद भुईवर लोळू लागला, आणि सरदारांची मर्जी खप्पा जाहली. "अहो, बिचारा एकदा नापास झाला तेवढं पुरे की!"

बाई ओरडल्या, "पंत, थांबवा!"

पंत तो हात जोडोन उभे. "बाई, रंगात आलेलं ध्रुपद मध्येच कसं तोडू? पाप लागेल."

"टाळकरी कधी आपणहून थांबतात का? बुवांनी हात वर करावा, तेव्हा! इथं बुवा कोण?"

पंत चाचरले, "मी?"

"मग दाबा की कंट्रोल आणि सी!"

पंतांनी दोन्ही कळा दाबिल्या आणि दालन शांत जाहले. सरदारांनी कोठीकडे बोट केले. तेव्हा पंत काकुळतीने बोलिले, "साहेब, एकवार आणखी. जन्मभर मागं उभा राहिलो, पुढं उभं राहणं आजच कळलं."

सरदारांनी रोखलेले बोट खाली घेतले, तीच परवानगी समजोन पंतांनी राहिलेली ओळ घातली, आणि आधी दोनच गावे छापून पाहिली, बोटे त्या दोन कळांवर तयार ठेवोन, आणि मग साऱ्या राज्याचे निकाल छापावयास सोडिले. गावामागून गाव उमटले, आणि शेवटचे गाव होताच यंत्र आपणहून उगे राहिले.

सरदार निघता निघता म्हणाले, "उकिडवे, कोठीची किल्ली माझ्या टेबलावर ठेवा. ती दुसऱ्या कुणाला द्यायला हवी."

एवंच, राज्यातील लेकरांस निकाल पावले, डोईफोडे ऑक्टोबरात सुटला, आणि पंत यंत्रावर कायम जाहले. पोंक्षेबाईंस मात्र कोणी शाल दिली नाही की नारळ. तरी श्रोतेहो, कीर्तन सरोन आरतीचे तबक फिरेल, तेव्हा ज्योतीवर एक हात त्या माउलीच्या नावे धरावा, इतकीच विनंती.