ग्रंथी वाचवायची

"हवालदार, हलू नका! तोंड मिटा!" डॉक्टर जाड काचेवर मूठ आपटत ओरडत होते आणि आत मशीनखाली उताणे पडलेले आमचे बापू हवालदार खणखणीत आवाजात ग्रंथाचा पहिला अध्याय म्हणत होते. भिंत हातभर जाड, किरणांना अडवायला बांधलेली. किरणं अडली. बापू आरपार आले.

बापू दहिवडीत खाकरले की खंडाळ्याच्या घाटात ट्रकवाले गाडी बाजूला घेत. ते एसटीत असले की कंडक्टर घंटीला हात लावत नसे. एकदा ते माझ्या कानात कुजबुजले, तर तिकडे जतची मेंढरं उठून उभी राहिली म्हणतात. म्हणतात म्हणजे मीच म्हणतो.

पलटणीतून परतल्यापासून रोज दिवेलागणीला बापू ओसरीवर ग्रंथ वाचत, आणि सगळी आळी धडाधड खिडक्या लावून घेई. "बापू, जरा हळू," असं मी एकदा विनवलं.

"हळू? ग्रंथ वाचतोय रं, चोरी न्हाई करत!"

मग त्यांच्या जिभेच्या मुळाशी गाठ निघाली. पलटणीपासूनची तंबाखू, दुसरं काय! मी त्यांना सांगलीला नेलं. डॉक्टर पुण्याकडचे, शुद्ध बोलणारे. म्हणाले, "गाठीवर किरणांचा शेक देऊ. पण गळ्यातली ग्रंथी वाचवायची आहे."

बापू माझ्या कानात, म्हणजे अख्ख्या दवाखान्यात, म्हणाले, "मानूस देवाधर्माचा दिसतोय. शेक घेताना ग्रंथ वाचाय सांगतोय." मला वाटलं, थट्टा करतायत.

पण पहिल्याच शेकाला त्यांनी खरोखर अध्याय लावला. मशीन थांबवून डॉक्टर आत गेले, मागोमाग मी. त्यांनी मशीनखाली बसवलेला शिशाचा ठोकळा दाखवला. "याची सावली तुमच्या गळ्यावर पडते. त्या सावलीत ती ग्रंथी आहे. अंगातली उमेद तिच्यावर चालते. तुम्ही बोललात की गळा हलतो, सावलीबाहेर जातो आणि ग्रंथी भाजते."

"म्हंजे वाचायचं न्हाई?"

"वाचवायचं."

बापूंनी ठोकळ्याकडे बोट केलं. "आन आवाज? त्यो हाय का सावलीत?"

"आहे. पण तोंड, घसा भाजणारच. आवाज पूर्वीसारखा राहील असं सांगत नाही मी."

तेव्हा जन्मात पहिल्यांदा बापू हळू बोलले. "सायेब, आमच्या मंडळीला ऐकू येत न्हाई. माझंच तेवढं पोचतंय तिच्यापत्तूर. म्हनून वाचतोय. न्हाईतर मला तरी कुठं त्यातलं कळतंय?"

इतकी वर्षं आम्ही खिडक्या लावल्या, त्या या आवाजावर!

पुढच्या प्रत्येक शेकाला बापू असे पडून राहिले, की एखादी माशी त्यांच्या नाकावर संसार थाटून, लेकी उजवून गेली असती. गाठ विरघळली. ग्रंथी वाचली. ग्रंथ मात्र वाचायचा राहिला. थुंकी आटली, आवाज वाळल्या कडब्यासारखा खरखरला आणि बसला तो बसलाच.

आता दिवेलागणीला आळीतल्या खिडक्या सताड उघड्या असतात. ऐकायला काही नसतं. बापू मात्र ओसरीवर ग्रंथ उघडून बसतात. नुसते ओठ हलतात. समोर त्यांची मंडळी, आमच्या काकी, मान डोलावत.

परवा न राहवून मी काकींना कानाला हात लावून खुणेनं विचारलं, ऐकू येतंय का काही?

"न्हाई," काकी म्हणाल्या. "पान उलटलं की मान हलवती मी."