भालेराव डॉक्टरांचे ससे

सशांच्या खोलीत शिरण्याआधी दारावर टकटक करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. भालेराव डॉक्टर. टकटक करायची, जरा थांबायचं, "येऊ का?" असं विचारायचं आणि मगच आत जायचं. ससे काय उत्तर देणार?

"अचानक दार उघडलं की दचकतात हो," ते म्हणत. "तुमच्या घरात कुणी असं घुसलं तर चालेल?"

ऐंशीच्या सुमाराला नाशिकजवळ अंबडच्या एका औषधांच्या कारखान्यात मी केमिस्ट होते आणि ते जनावरांचे डॉक्टर. सलाईनची प्रत्येक खेप आधी सशांना टोचायची. त्यांना ताप चढला तर खेप बाद. सशांसाठी डॉक्टर येताना स्वतः मेथी आणत. भाजीवालीला बजावत, "कोवळी दे. माणसांना नकोय, सशांना हवीय."

नवा प्रयोग करायचा तर मॅनेजर, डॉक्टर आणि मी, अशी आमची बैठक बसे. डॉक्टरांचा प्रश्न ठरलेला, "यातून नवं काय कळणार?" मॅनेजर त्यांना पाठीमागे 'नवंकाय' म्हणत.

एकदा हात धुवायचा पातळ साबण निघाला. मॅनेजर म्हणाले, "सशांच्या डोळ्यांत घालून बघू. बाकीच्या कंपन्याही करतात."

"नवं काय कळणार?"

"झोंबतो का ते."

"साबण डोळ्यांत झोंबतो हे माझ्या आईलाही ठाऊक होतं," डॉक्टर म्हणाले. समोरच्या नमुन्याच्या बाटलीत त्यांनी बोट बुडवलं आणि आम्ही हां हां म्हणेपर्यंत स्वतःच्या डोळ्याला लावलं. गालावरून पाणी वाहू लागलं. "झोंबतोय. लिहून घ्या, बाई."

तो प्रयोग झाला नाही. डॉक्टर मात्र पुढे कित्येक दिवस लालभडक डोळा घेऊन हिंडले, आणि मॅनेजर त्यांच्याशी बोलेनासे झाले.

मग आमच्याकडची तपासणी मुंबईला हलली. ससे नकोसे झाले. डॉक्टरांनी पुष्कळ खटपट केली, ओळखीच्या शेतकऱ्यांना विचारलं. पण कारखान्याने बजावलं: औषधं टोचलेली जनावरं बाहेर द्यायची नाहीत, संपवा. बाहेरून माणूस बोलावणार होते. डॉक्टर म्हणाले, "परक्या हातात नकोत. माझा आवाज त्यांच्या ओळखीचा आहे."

एकेका सशाला मांडीवर घेऊन, कानामागे खाजवत, काहीबाही बोलत त्यांनी इंजेक्शनं दिली. मी शेजारी उभी राहून सिरिंजा भरून देत होते. शेवटचा ससा निपचित पडल्यावरही ते त्याला खाजवतच राहिले.

त्याच आठवड्यात त्यांनी नोकरी सोडली.

पुढे एकदा नाशिकरोडला त्यांच्या घरी गेले. बायको मागेच वारलेली, मूलबाळ नाही. घर इतकं चिडीचूप की मलाच अवघडल्यासारखं झालं. सहज म्हणून गेले, "एखादा ससा पाळा ना, डॉक्टर. सोबत होईल."



"त्या दिवशी एकानंही पाय झाडला नाही, बाई," ते म्हणाले. "डॉक्टर आलाय म्हणून सगळे निवांत बसले होते. आता पुन्हा कुणी इतका विश्वास टाकला, तर मला सोसायचा नाही."

मी निघण्यासाठी पर्स उचलली, तसे ते घाईघाईने उठले.

"लगेच कुठं निघालात? बसा की थोडं," ते म्हणाले. "चहा टाकतो."