पाल्याचा चहा

मुख्य साहेबांना डॉक्टरांनी "जरा जपा" असं सांगितलं आणि त्याच आठवड्यात साऱ्या कार्यालयाची प्रकृती जपायचं ठरलं. यापुढे चहात साखर पडणार नव्हती. तिच्या जागी एका गोड झुडपाच्या पानांची भुकटी येणार होती. परिपत्रकात तिचं नाव 'नैसर्गिक पर्यायी मधुरक' होतं. लोक तिला पाला म्हणू लागले.

भांडारपालांना याचं सोयरसुतक नव्हतं. त्यांना मधुमेह होता आणि कित्येक वर्षं ते मुकाट्याने बिनसाखरेचा चहा पीत होते. त्यामुळे पहिले दोषी तेच सापडले.

"तुम्ही पाला घेत नाही म्हणे?" साहेबांनी केबिनमध्ये विचारलं.

"मी बिनगोडाचाच पितो, साहेब. सवय झालीय."

"म्हणजे साखरही नाही आणि पालाही नाही. मग तुमची भूमिका काय?"

भांडारपालांना चहाबाबत भूमिका नव्हती, नोकरी होती. ते पाला घेऊ लागले.

चव आधी गोड लागायची, मग जिभेवर कडवटपणा ठाण मांडून बसायचा. कुंड्यांना चहा मिळू लागला. दारामागची कुंडी तर पार मान टाकून बसली. शेवटी बैठक झाली. "लोकांच्या जिभा अजून रुळलेल्या नाहीत," असा निष्कर्ष आस्थापना विभागाच्या बाईंनी मांडला. उपाय योजण्याचे अधिकार त्यांनाच मिळाले.

पुढच्या सोमवारी चहा फक्कड झाला. पहिल्याच घोटाला भांडारपालांचे डोळे मिटले. इतक्या वर्षांनी गोडवा थेट टाळूला भिडला होता. त्यांनी दुसरा कप मागितला, मग तिसरा.

"अगं, पानात केवढी गोडी असते!" घरी ते बायकोला म्हणाले.

"बेताने घ्या हो."

"पान आहे ते. झाडाचं!"

मग पाल्याचे केक आले, पाल्याच्या वड्या आल्या. भांडारपाल दोन्ही हातांनी खात आणि न खाणाऱ्यांना आग्रह करत. साहेबांनी त्यांना 'आदर्श मधुरकसेवक' घोषित केलं. मधल्या काळात त्यांची तहान वाढली, पायांना मुंग्या येऊ लागल्या, टेबलावर पाण्याच्या बाटल्या रांगेने उभ्या राहिल्या. "शरीरातली जुनी साखर बाहेर पडतेय," सहकाऱ्यांनी धीर दिला.

सत्काराच्या दिवशी ते व्यासपीठावर चढले, "पाल्यामुळे माझं आयुष्य" इतकं बोलले आणि कोसळले.

दवाखान्यात डॉक्टर रिपोर्ट बघून उखडले. "एवढी साखर कशाला खाता?"

"साखर?" भांडारपालांची बायको भेटीला आलेल्या मंडळींकडे वळली. "चहात काय घालत होता तुम्ही?"

आस्थापनेच्या बाईंनी घसा साफ केला. "पालाच होता. जिभा रुळेपर्यंत त्यात थोडी साखर मिसळायची, एवढंच ठरलं होतं."

"थोडी?"

"पुढेपुढे पाल्याचा पुरवठा थांबला. पण ती साखर म्हणून दिलेली नव्हती, वहिनी. संक्रमणकालीन व्यवस्था होती."

"आणि तुम्हा कुणालाच कळलं नाही?"

मंडळी छताचा पंखा न्याहाळू लागली. लेखापाल पुटपुटले, "जिभेला कळतंच हो."

"मग बोलला का नाहीत?"

"चहा छान होत होता."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने बाजू घ्यावी, चार शब्द सुनवावेत, अशी तिची अपेक्षा होती. भांडारपालांनी हळूच कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं. साखरेची चव विसरायला कित्येक वर्षं फार थोडी असतात, हे ते तिला कुठल्या तोंडाने सांगणार होते?

हसताय ना? हसा. तुमच्या फडताळात तो 'आरोग्यदायी' बिस्किटांचा पुडा आहे. त्याच्या मागे बारीक अक्षरांत काय छापलंय, ते तुम्ही वाचलेलं नाही, असं थोडंच आहे? वाचलंय, म्हणून तर त्याची पाठ भिंतीकडे आहे.